पानिपत कसे सांगितले गेले

कोणत्याही समाजाला आपला भूतकाळ जसाच्या तसा हाती येत नाही. पत्र, बखर, पोवाडा, म्हण, ग्रंथ अशा कोणत्या ना कोणत्या कथनप्रकारातून तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो, आणि प्रत्येक कथनप्रकाराला स्वतःचे संकेत, स्वतःचे प्रश्न व स्वतःच्या मर्यादा असल्यामुळे त्या प्रकारात जे सांगता येते ते समाजाच्या लक्षात राहते आणि जे सांगता येत नाही ते हळूहळू विस्मरणात जाते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानावर मराठे आणि अफगाण यांच्यात झालेली लढाई हे या प्रक्रियेचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण आहे. लढाई एका दिवसात संपली. तिचा अर्थ लावण्याचे काम मात्र अडीचशेहून अधिक वर्षे चालू राहिले, आणि सांगण्याची रीत जसजशी पालटत गेली तसतसे पानिपतात काय घडले व का घडले या प्रश्नांचे उत्तरही पालटत गेले. भाषा आणि कथा माणसाच्या वास्तवाच्या आकलनाला कसा घाट देतात हे या पालटांच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके ते केवळ तात्त्विक चर्चेतून दिसत नाही.

लढाईचा बाह्य तपशील आता बराचसा निश्चित झाला आहे. जानेवारी १७६० मध्ये दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर मराठी सरदार दत्ताजी शिंदे मारले गेले, आणि अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली रोहिल्यांचा सरदार नजीबखान याच्या साहाय्याने अंतर्वेदीत, म्हणजे गंगा आणि यमुना यांच्यामधल्या प्रदेशात, ठाण मांडून बसला. फेब्रुवारीत उदगीर येथे निजामावर विजय मिळवलेले सदाशिवरावभाऊ हे पेशवे नानासाहेब यांचे चुलतबंधू. त्यांना, पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव यांच्यासह, उत्तरेकडे धाडण्यात आले. ऑगस्टमध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि १७ ऑक्टोबरला यमुनेकाठचे कुंजपुरा हे अब्दालीच्या धान्यसाठ्याचे ठिकाण जिंकले. पण त्यानंतर आठवडाभरातच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेचा दिल्लीशी व दक्षिणेशी असलेला संबंध तोडला. नोव्हेंबरच्या आरंभापासून सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर छावणी करून राहिली, आणि त्या काळात मराठ्यांच्या छावणीतील धान्य, चारा व पैसा संपत गेला. उपासमार असह्य झाली तेव्हा भाऊंनी ‘गोल’ बांधून, म्हणजे बायकामुले व बाजारबुणगे मध्ये आणि तोफा व लढवय्ये भोवती अशी रचना करून, दिल्लीच्या दिशेने वाट काढण्याचे ठरवले. मराठ्यांच्या बाजूच्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने सकाळी रोहिल्यांची मोठी हानी केली. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ स्वतः गर्दीत शिरले आणि फळी मोडली.

या पराभवाची पहिली बातमी दक्षिणेकडे ज्या भाषेत आली ती सावकारी पेढीची भाषा होती. अठराव्या शतकात पैशांचा व्यवहार हुंडीवर चाले. हुंडी म्हणजे एका गावी भरलेला पैसा दुसऱ्या गावी मिळवून देणारा सावकारी कागद. या व्यवहारासाठी पेढ्यांचे जासूद प्रांतोप्रांती धावत असल्यामुळे राजकारणातील घडामोडीही पुष्कळदा त्यांच्याच थैलीतून सर्वांत आधी पोहोचत. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि जानेवारीच्या अखेरीस माळव्यात भेलशाच्या परिसरात होते, तेव्हा अशाच एका जासुदाजवळचे पत्र त्यांच्या हाती आले. जेम्स ग्रांट डफ याने १८२६ मध्ये नोंदवलेल्या पाठानुसार त्यात दोन मोती विरघळल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे आणि रुपये व तांबे किती गेले याची बेरीज लागत नसल्याचे कळवले होते. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि चांदी-तांबे म्हणजे शिलेदार, बारगीर, पायदळ व छावणीतील असंख्य माणसे, हा अर्थ वाचणाऱ्याला तत्काळ उमगला असणार.

सांकेतिक भाषा गुप्ततेसाठी योजली होती हे उघड आहे. परंतु तिने गुप्ततेपलीकडेही एक काम केले. पेढीच्या वहीत प्रत्येक नाण्याला किंमत असते आणि किमतीनुसार त्याची नोंद होते, त्यामुळे मोती व मोहरा यांची संख्या सांगितली गेली आणि खुर्दा, म्हणजे सुटी नाणी, मोजल्यावाचून राहिला. समाजातील उतरंड नाण्यांच्या उतरंडीत इतकी चपखल बसली की मृतांपैकी बहुसंख्यांची गणती न होणे हे कोणाला खटकलेही नाही. लोकपरंपरेत रूढ असलेल्या पाठात मात्र याच निरोपाला लाख बांगड्या फुटल्याची भर पडलेली आढळते. पेढीच्या हिशेबात ज्यांना जागा नव्हती त्या घरोघरच्या विधवांना लोकांच्या तोंडी असलेल्या या पाठाने जागा दिली, आणि एकाच घटनेचे मोजमाप नाण्यांऐवजी बांगड्यांनी केले की दुःखाचा केंद्रबिंदू पेशव्यांच्या वाड्यातून गावागावांत कसा सरकतो हे त्यातून दिसते.

नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर मरण पावले, आणि त्यानंतर थोड्याच काळात पानिपताच्या बखरी लिहिल्या गेल्या. बखर हा मराठीतील ऐतिहासिक गद्यकथनाचा प्रकार असून ती बहुधा एखाद्या राजाच्या, पेशव्याच्या किंवा घराण्यातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आज्ञेवरून दरबारातील जाणत्या लेखकाने लिहिलेली असे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली शिवचरित्राची बखर हा या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना होय. पानिपतची बखर रघुनाथ यादव यांनी विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांच्या आज्ञेवरून रचली. भाऊसाहेबांची बखर कृष्णाजी शामराव यांच्या नावावर सांगितली जाते आणि तिची भाषा मराठी गद्यातील अत्यंत जोमदार भाषांपैकी एक मानली जाते. ज्या मातेने रणांगणावर मुलगा गमावला तिने त्या लढाईची हकीकत लिहून मागावी, ही गोष्ट बखरीच्या स्वरूपावर मोठा प्रकाश टाकते. कारण अशा वाचकाला जमाखर्च किंवा कूचमुक्कामांची यादी नको असते, आपल्या दुःखाला अर्थ देणारी सुसंगत कथा हवी असते.

बखरकाराने ही कथा ज्या साच्यात बसवली तो महाभारताचा साचा होता. कीर्तन, पुराण आणि पोथीवाचन यांमुळे कौरव-पांडवांची कथा लेखक व श्रोते या दोघांच्याही अंगी इतकी मुरलेली होती की मोठ्या युद्धाचा विचार करण्याचे दुसरे साधन त्यांच्याजवळ क्वचितच होते. या साच्याबरोबर तीन गृहीतके आपोआप आत आली. युद्धाचे मूळ माणसांच्या स्वभावात, त्यांच्या मानापमानात आणि वैरात असते, हे पहिले. जे घडले ते प्रारब्धाने आधीच ठरवलेले होते व शहाण्यांनी दिलेला सल्ला धुडकावला जाणे हे त्या प्रारब्धाचेच लक्षण होते, हे दुसरे. आणि अशा महायुद्धानंतर एक युग संपते, हे तिसरे. म्हणून बखरीत भाऊ मानी व हट्टी होतात, मराठी सरदार मल्हारराव होळकर धूर्त व स्वार्थी होतात, भरतपूरचा राजा सूरजमल जाट याचा हितोपदेश वाया जातो, आणि पराभवाची बीजे रणांगणापासून दूर, मसलतीच्या डेऱ्यातील संवादांत सापडतात. नजीबखानाला मल्हाररावांनी वाचवले, कारण उत्तरेत शत्रू उरला नाही तर पेशवे आपल्याला धोतरे बडवायला लावतील असे त्यांना वाटत होते, हा प्रसंग भाऊसाहेबांच्या बखरीतून मराठी माणसाच्या मनात कायमचा रुजला. दत्ताजींनी मरणसमयी, वाचलो तर आणखी लढू, अशा आशयाचे उत्तर दिल्याची हकीकतही बखरीच्याच मार्गाने घरोघर पोहोचली.

प्रसंगाला शोभतील अशी भाषणे पात्रांच्या तोंडी घालणे हा बखरीचा मान्य संकेत होता आणि तिचे श्रोते तो संकेत जाणून होते, त्यामुळे बखरकारावर खोटेपणाचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. अडचण पुढे उद्भवली. संकेत विसरला गेला आणि भाषणे मात्र शब्दशः खरी मानली जाऊ लागली, तेव्हा बखरीतील स्वभावचित्रे इतिहासातील कारणे बनली. धान्य किती दिवस पुरले, उत्तरेतून व दक्षिणेतून किती रक्कम यायची होती आणि किती आली, यमुनेला उतार कोठे होता, दक्षिणेतून आलेल्या घोड्यांना तिकडची थंडी कशी मानवली, हे प्रश्न बखरीला पडत नसल्यामुळे ते मराठी वाचकालाही दीर्घकाळ पडले नाहीत. त्याच पिढीतील नाना फडणीस यांनी आपल्या आत्मवृत्तात पानिपताचा अनुभव लिहून ठेवला आहे. विशीच्या आतले हे गृहस्थ त्या लढाईतून कसेबसे निसटले आणि त्यांच्या मातोश्री त्या धामधुमीत नाहीशा झाल्या. स्वतःवर ओढवलेले भय व असहायता सांगणारे हे लेखन बखरींच्या तुलनेत फार थोड्या वाचकांपर्यंत पोहोचले, कारण पराक्रम आणि प्रारब्ध यांच्या कथेत एका भयभीत तरुणाच्या निवेदनाला मानाचे स्थान नव्हते.

कथेचे सामर्थ्य केवळ स्मृतीपुरते राहत नाही, ते राज्यकारभारालाही हादरा देऊ शकते, हे भाऊसाहेबांच्या तोतयाच्या प्रकरणाने दाखवून दिले. विश्वासरावांचे शव ओळखले गेले व त्यांचे दहन झाले. भाऊंच्या बाबतीत मात्र शिराविना सापडलेले शव खुणांवरून ओळखावे लागले आणि ही ओळख अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या फारसी वृत्तांतात नोंदली गेली तरी दक्षिणेत तिच्याविषयी शंका उरली. वीर पुरुष गर्दीत दिसेनासा होतो आणि एके दिवशी परत येतो, ही अपेक्षा लोककथांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली होती, आणि भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्याची चिन्हे न स्वीकारता १७८३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच जीवन कंठले, या गोष्टीने त्या अपेक्षेला आधार मिळाला. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून पुढे आला, पकडला गेला व रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत राहिला. परंतु १७७६ मध्ये किल्ल्यावरील अधिकाऱ्यानेच त्याला सोडवून उभे केले तेव्हा त्याच्याभोवती हजारो माणसे जमली, कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले आणि पुणे दरबाराला त्याच्याविरुद्ध फौजा पाठवाव्या लागल्या. अखेर तो धरला गेला, चौकशी होऊन त्याच वर्षाच्या शेवटी त्याला देहदंड देण्यात आला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर दरबारात माजलेल्या दुहीचा आणि स्वार्थाचा या बंडात वाटा होता हे खरे असले, तरी लोकांच्या मनात भाऊ जिवंत असल्याची कथा आधीपासून नांदत नसती, तर त्या स्वार्थाला निशाण म्हणून उभे करायला काहीच सापडले नसते.

बखर हस्तलिखित असल्यामुळे तिचा संचार वाडे आणि कचेऱ्या यांच्यापुरता मर्यादित राही. पानिपताला गावोगाव नेले ते शाहिरांनी. पोवाडा म्हणजे डफ-तुणतुण्याच्या साथीवर गायिले जाणारे वीरांचे वर्णनकाव्य, आणि त्याला श्रोत्यांसमोर उभे राहून त्यांच्या भावना जागवायच्या असल्याने त्यात नावांच्या याद्या, रक्ताचे पाट, शोक आणि अभिमान यांना प्राधान्य मिळे. हॅरी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपताची ही मौखिक परंपराही छापील रूपात आली. यापेक्षाही खोलवर काम केले ते नित्याच्या बोलण्यातील प्रयोगांनी. सर्वनाश झाला की ‘पानिपत झाले’ म्हणणे, भरवसा उरला नाही हे सांगताना विश्वास पानिपतात गेला असे म्हणणे, किंवा गोंधळाच्या झुंबडीला भाऊगर्दी म्हणणे, या प्रयोगांमुळे ज्याने बखर वाचली नाही आणि पोवाडाही ऐकला नाही असा मराठी भाषकदेखील एका विशिष्ट निष्कर्षासह वाढतो: पानिपत म्हणजे संपूर्ण आणि कधीही भरून न येणारा नाश. परीक्षेतील अपयशापासून निवडणुकीतील पराभवापर्यंत सर्वत्र हा शब्द वापरला जात असताना मूळ घटनेचा तपासून घेतलेला अर्थ कोणता, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

भाषेतील अशा प्रयोगांभोवती नव्या कथा कशा तयार होतात, याचे बोधप्रद उदाहरण ‘संक्रांत कोसळणे’ या वाक्प्रचाराच्या रूढ स्पष्टीकरणात सापडते. पानिपतची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली आणि म्हणून मोठ्या आपत्तीला मराठीत संक्रांत म्हणतात, असे मानणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु संक्रांत सूर्याच्या निरयन गतीवर, म्हणजे नक्षत्रांच्या संदर्भाने मोजलेल्या गतीवर, ठरते, तर इंग्रजी दिनदर्शिका ऋतुचक्राला धरून चालते. या दोहोंतील फरकामुळे संक्रांतीची इंग्रजी तारीख सुमारे ७० वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ मध्ये संक्रांतीच्या दिवशी झाला तेव्हा १२ जानेवारी होती, आणि त्याहून शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतची लढाई झाली तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा होता आणि संक्रांत त्याआधीच होऊन गेलेली होती. १० जानेवारी ही तारीख मात्र दत्ताजी शिंदे यांच्या मृत्यूची आहे. बुराडी घाटावरचा तो प्रसंग १७६० मधला असून तो संक्रांतीच्या पर्वावर घडल्याचे परंपरा सांगते व ते गणिताशी जुळते. म्हणजे एका वर्षापूर्वीच्या आपत्तीचा सण पुढच्या, अधिक मोठ्या आपत्तीला जोडला गेला, आणि विसाव्या शतकात संक्रांत व १४ जानेवारी हे समीकरण पक्के झाल्यावर ही जोडणी निर्विवाद वाटू लागली. पंचांगातील संक्रांतीदेवी ज्या दिशेला जाते तिकडे अनिष्ट घडते ही समजूत पाहता, वाक्प्रचाराचा उगम समजण्यासाठी पानिपताची आवश्यकताही नाही. तरीही हे स्पष्टीकरण टिकून आहे, कारण दोन वेगवेगळ्या दुःखांना एकाच दिवसात गुंफणारी कथा स्मरणात ठेवायला सोपी असते.

एकोणिसाव्या शतकात पानिपताला एक सर्वस्वी वेगळा कथनप्रकार लाभला. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रांट डफने १८२६ मध्ये लंडनला तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यात बखरी, दफ्तरे व काशीराजाचा इंग्रजीत आलेला वृत्तांत यांच्या आधारे पानिपताची कालानुक्रमाने मांडलेली हकीकत दिली. काही वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले, आणि त्याला नाव दिले ‘मराठ्यांची बखर’. इंग्रजी इतिहासग्रंथाला मराठीत स्थान देताना भाषांतरकारांना बखर हाच परिचित प्रकार जवळचा वाटला, यावरून वाचकांच्या अपेक्षांवर त्या प्रकाराचा पगडा किती होता हे ध्यानात येते. ग्रांट डफच्या कथनाचीही स्वतःची दिशा होती. सत्तांच्या चढउताराच्या मालिकेत पानिपत ठेवले की ते ब्रिटिश सत्तेच्या उदयाची वाट मोकळी करणारी पायरी ठरते, आणि पेशवाई नुकतीच बुडालेली असताना लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला ही मांडणी स्वाभाविक वाटणे साहजिक होते.

नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ च्या सुमारास ग्रांट डफच्या ग्रंथावर टीका लिहिली तेव्हा मराठी माणसाने आपल्या इतिहासाची कथा दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यातील उणीव प्रथमच पद्धतशीरपणे दाखवून दिली. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, जनार्दन बाळाजी मोडक आणि काशिनाथ नारायण साने यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू करून बखरी व जुनी पत्रे छापण्यास आरंभ केला. या प्रवाहाला निर्णायक वळण दिले ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेला पहिला खंड नेमका १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा होता, आणि त्याच्या दीर्घ प्रस्तावनेत त्यांनी बखरी व ग्रांट डफ या दोहोंच्या विश्वसनीयतेची कठोर चिकित्सा केली. अस्सल कागद, म्हणजे घटना घडत असताना तिच्याशी संबंधित माणसांनी कामकाजाच्या गरजेतून लिहिलेले पत्र, हाच इतिहासाचा खरा आधार होय, हे त्यांचे सूत्र पुढे १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे आधारतत्त्व ठरले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले तेव्हा या आधाराला आणखी विस्तार मिळाला.

पत्रांनी पानिपताचे प्रश्नच बदलले. भाऊंनी पेशव्यांचे उत्तरेतील मामलतदार गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेल्या पत्रांतून पैशांची निकड, होड्यांची जमवाजमव, नद्यांचे पूर, शुजाउद्दौल्याला अब्दालीच्या गोटात जाऊ न देण्याची धडपड आणि शत्रूची रसद तोडण्याची घाई डोळ्यांसमोर येते, आणि बखरीतील उद्दाम नायकाच्या जागी हिशेब, हवामान व अंतर यांच्याशी झगडणारा सेनापती दिसू लागतो. तथापि साधन बदलले म्हणून साचा लगेच सुटत नाही. स्वतः राजवाड्यांनी याच पत्रांच्या आधारे गोविंदपंतांवर आणि मल्हाररावांवर कठोर ठपका ठेवला. म्हणजे पुरावा दफ्तरातील असला तरी अपराधी कोण हा त्यांचा प्रश्न बखरीतूनच आलेला होता. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी ‘पानिपत १७६१’ या ग्रंथात (इंग्रजी १९४६, मराठी १९६१) भाऊंवरील आक्षेपांचे निराकरण करून नानासाहेबांच्या धोरणाकडे बोट दाखवले आणि परकी आक्रमणापासून हिंदुस्थानचे रक्षण करण्याचा प्रयत्न म्हणून त्या मोहिमेकडे पाहिले. हे आकलन बखरीपेक्षा कितीतरी व्यापक असले तरी तेही राष्ट्राच्या कथेच्या चौकटीत उभे आहे, आणि ती चौकट विसाव्या शतकातील भारतीयाला जितकी सहज उपलब्ध होती तितकी ती १७६० मधील सरदाराला उपलब्ध नव्हती.

कथेच्या चौकटीचा सर्वांत मोठा परिणाम पानिपतानंतरच्या काळाच्या आकलनावर झाला. महाभारताच्या साच्यातील तिसरे गृहीतक, म्हणजे महायुद्धानंतर युग संपते हे, लोकमानसाने इतके आपलेसे केले की मराठी सत्तेचा अंत पानिपतात झाला ही समजूत आजही सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकिर्दीत दहा वर्षांच्या आत राज्य सावरले, १७७१ मध्ये मराठी फौजांनी पुन्हा दिल्ली घेतली, १७७२ च्या आरंभी बादशहा शाहआलम त्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला, आणि त्याच वर्षी रोहिल्यांच्या मुलखात शिरून नजीबखानाच्या वारसांचा पथ्थरगड हस्तगत करण्यात आला. पेशवाई बुडाली ती १८१८ मध्ये, पानिपतानंतर ५७ वर्षांनी आणि वेगळ्याच शत्रूकडून. हे पुनरुत्थान शोकांतिकेच्या रचनेत बसत नाही. शेवटचा अंक संपल्यावर नाटक पुढे चालू राहिले तर प्रेक्षकाच्या मनातील परिणाम विस्कटतो, आणि म्हणून १७७१ हे वर्ष मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच आठवते, तर १७६१ बहुतेकांना पाठ असते. गोविंदाग्रजांच्या ‘पानपतचा फटका’ या कवितेने महाभारतीय युद्धाचीच उपमा पुढे चालवली आणि विश्वास पाटील यांच्या १९८८ मधील ‘पानिपत’ या कादंबरीने नव्या पिढीला भाऊंविषयी सहानुभूती दिली. शोकांतिकेचा आकार मात्र दोन्हीकडे कायम राहिला.

अलीकडच्या दशकांत या कथेला आणखी एक शाखा फुटली आहे. हरियाणातील कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र या भागांत राहणाऱ्या रोड समाजातील पुष्कळजण आपण पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत असे सांगू लागले असून, काला आंब येथील स्मारकाजवळ दर वर्षी १४ जानेवारीला शौर्यदिन साजरा होतो. पराभवाच्या कथेत ज्यांना केवळ मृत मानले गेले त्यांच्यापैकी काही जिवंत राहिले, स्थायिक झाले आणि त्यांची संतती वाढली, असे सांगणारी ही कथा नाशाच्या रूढ अर्थाला वेगळे वळण देते. तिची ऐतिहासिक सत्यता स्वतंत्र पुराव्याने तपासली पाहिजे. परंतु तिच्यामुळे लोकांच्या नात्यागोत्यांत, सणवारांत आणि स्वतःच्या ओळखीत प्रत्यक्ष बदल घडला आहे, ही गोष्ट त्या तपासणीच्या निकालावर अवलंबून नाही.

या सर्व इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की भाषा वास्तव शून्यातून निर्माण करत नाही. पानिपतातील भूक, थंडी, तोफांचे गोळे आणि माणसांचे मरण कोणत्याही कथनापूर्वी घडलेले होते. परंतु त्या घटनेतील काय लक्षात ठेवायचे, कोणाला जबाबदार धरायचे, कोणाची गणना करायची आणि गोष्ट कोठे संपवायची, हे प्रत्येक काळाच्या कथनप्रकाराने ठरवले, आणि मराठी समाजाने आपल्या सामर्थ्याविषयी व दौर्बल्याविषयी बाळगलेल्या अनेक समजुती त्याच निवडींतून तयार झाल्या. आपल्यातील दुहीनेच आपण हरतो, मोठ्या पराभवातून सावरता येत नाही, इतिहास मूठभर सरदारांच्या स्वभावावर चालतो, या समजुती पानिपताच्या घटनेपेक्षा पानिपताच्या सांगण्यातून अधिक आल्या आहेत. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम कागद गोळा करण्यापाशी थांबत नाही. कोणत्याही कथनासमोर उभे राहताना ते कोणी, कोणासाठी व कोणत्या संकेतांनुसार रचले आहे आणि कोणता प्रश्न विचारण्याची सोयच त्याने ठेवलेली नाही, हे त्याने शोधले पाहिजे. छावणीतील बाजारकरी, धान्य वाहणारे वंजारी, तीर्थयात्रेसाठी फौजेबरोबर निघालेली कुटुंबे, गारदी पलटणींतील शिपाई आणि बंदी होऊन परमुलखात नेलेल्या स्त्रिया यांची हकीकत मराठीत अद्याप अपुरी आहे. ती लिहिण्यासाठी नवी साधने लागतील. पण त्याहूनही आधी, पानिपत हा शब्द उच्चारताच जो अर्थ आपोआप मनात उमटतो त्याला क्षणभर थांबवून पुन्हा विचार करण्याची सवय लागेल, आणि ही सवय लावणे हे इतिहासलेखनाचे आजचे सर्वांत निकडीचे कर्तव्य आहे.